शेवट माहीत आहे, तरी वाचू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कांदिवलीला राहतो, लोअर परळला एका ऑफिसात नोकरी करतो. शाळेपासून धारप आणि मतकरी वाचत आलोय. मागच्या महिन्यात मित्रांबरोबर ‘द शायनिंग’ हा सिनेमा पाहिला. बर्फात अडकलेलं हॉटेल आणि कुऱ्हाड घेऊन बायको-मुलाच्या मागे लागलेला बाप. त्या रात्री झोप लागली नाही. नंतर फाउंटनच्या फुटपाथवर त्याच नावाची स्टीफन किंगची कादंबरी मिळाली. जाडजूड आहे. कोण मरतं, कोण जगतं सगळं माहीत असताना एवढं वाचण्यात काय हशील? मित्र म्हणतो, लेखकाला स्वतःलाच हा सिनेमा आवडला नव्हता. ते खरं का? आणि मी मराठी माध्यमाचा, इंग्रजी झेपेल का?

उत्तर : वाच, आणि लगेच वाच. सिनेमा डोळ्यांसमोर ताजा आहे तोवर पुस्तक हातात घेतलंस तर जास्त हाती लागेल. पार्ल्यात मी पुष्कळ वर्षं वाचनालय चालवलं. सिनेमा पाहून त्याचं पुस्तक मागायला येणारे सभासद नेहमी हाच प्रश्न विचारायचे, आणि या एका कादंबरीबाबत मी दरवेळी हेच उत्तर दिलं.

आधी एक गोष्ट. कोण मरतं, कोण जगतं हे तुला अजून माहीत नाही. तुला स्टॅन्ली कुब्रिकच्या 1980 च्या सिनेमातलं माहीत आहे. 1977 च्या कादंबरीतला हिशेब निराळा आहे, हॉटेलचं काय होतं तेही निराळं. जास्त सांगत नाही. हॅलोरन हा स्वयंपाकी आणि तळघरातला म्हातारा बॉयलर, या दोघांवर नजर ठेव. झुडपांचा तो भूलभुलैया पुस्तकात नाहीच, तिथे झुडपं कापून केलेले सिंह, ससा, कुत्रा आहेत. कुऱ्हाडीच्या जागी क्रोकेसारख्या एका खेळातला लांब दांड्याचा लाकडी हातोडा आहे. खोलीचा नंबरही 217. सिनेमात तो 237 झाला, कारण ज्या लॉजचं बाहेरचं दृश्य वापरलं त्या लॉजवाल्यांना धास्ती वाटली की पुढे 217 मध्ये कुणी उतरणारच नाही.

पण हे फरक मित्रांशी गप्पा मारायला ठीक. खरा फरक पहिल्याच प्रकरणात आहे. सिनेमात काय आणि पुस्तकात काय, तो बाप, जॅक टॉरन्स, सुरुवातीलाच हिवाळ्यात बंद हॉटेल सांभाळायच्या नोकरीच्या मुलाखतीला हॉटेलचा मॅनेजर अलमन याच्यासमोर बसलेला आहे. सिनेमात त्याचं काम करणारा जॅक निकल्सन गोड हसत असतो. ते हसू बघूनच आपल्याला कळतं की या माणसाचं काही खरं नाही. तिथल्या तिथे आपण त्याच्यापासून दूर सरकतो, बायको-मुलाच्या बाजूला जातो आणि शेवटपर्यंत तिथेच राहतो. कादंबरीत मात्र आपण जॅकच्या डोक्यात असतो. वरवर तो नम्र आहे, मनात त्या मॅनेजरला शिव्या घालतोय. मांडीवर हात आवळून धरलेत, तळव्यांना घाम सुटलाय. मॅनेजर तोंडावर सांगतो की तुमचा मित्र संचालक मंडळावर नसता तर मी तुम्हाला घेतलं नसतं. दारूचा विषय काढतो. मास्तरकी कशी गेली ते काढतो. आणि जॅक सगळं गिळतो, कारण याच्यापुढे दुसरी नोकरी नाही.

आता मला सांग, वाचणारा कुणाच्या बाजूने जाईल? नोकरीसाठी कधी ना कधी अशी मान खाली घालून ज्याने ऐकून घेतलंय, तो जॅकच्याच बाजूने जाणार. किंगने केलंय ते हे. आधी त्या माणसाबद्दल माया वाटायला लावली, आणि मग त्याला आपल्या डोळ्यांदेखत हातातून निसटू दिलं. सिनेमात आपल्याला त्या माणसाची भीती वाटते. पुस्तकात त्याच्यासाठी भीती वाटते, आणि ती फार काळ पाठ सोडत नाही.

सिनेमात नसलेला एक प्रसंग सांगते, त्याने शेवट फुटत नाही. हॉटेल बंद होऊन पाहुणे गेलेत, बर्फ अजून सुरू झालेलं नाही. जॅक उन्हात छपरावर बसून जुन्या पट्ट्या उचकटतोय, नव्या ठोकतोय. एका पट्टीखाली गांधीलमाश्यांचं पोळं निघतं आणि एक माशी त्याला डसते. मग तो कीटकनाशक धुराचा डबा आणून पोळ्याखाली लावतो, माश्या मेल्या असं समजून ते रिकामं पोळं आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, डॅनीला, भेट देतो. स्वतः लहान असताना त्याला त्याच्या वडिलांनी असंच एक पोळं दिलेलं असतं. डॅनी खूश होऊन ते उशाशी ठेवतो. रात्री त्या रिकाम्या पोळ्यातून माश्या निघतात आणि पोराच्या हातावर तुटून पडतात. जॅक पळत येतो, काचेचं भांडं पोळ्यावर पालथं घालतो. नंतर सुजलेल्या हाताचे फोटो काढतो, कारण डबा बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावायचं त्याच्या डोक्यात आलेलं असतं.

एवढ्या प्रसंगात भूत कुठेच दिसत नाही. बापाने मनापासून भेट दिली आणि ती मुलाला डसली. आणि ज्या वडिलांची आठवण काढून जॅकने ते पोळं दिलं, ते वडील कोण? जेवणाच्या टेबलावर सगळ्या पोरांसमोर बायकोला काठीने झोडपणारा दारुडा. बापाकडून मुलाकडे काय काय येतं, आणि ते थांबवायची इच्छा असूनही माणसाच्या हातून कसं पुढे जातं, हा या कादंबरीचा गाभा आहे. सिनेमात या आजोबांचा पत्ताच नाही. ही वजाबाकी मला फार मोठी वाटते.

दुसरी जागा मध्यानंतरची. रस्ता बर्फाने बुजलाय, टेलिफोनच्या तारा तुटल्यात. बायको वेंडी म्हणते, मुलाला घेऊन खाली गावात जाऊ. शेडमध्ये स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, आहे. जॅक तिथे जातो, गाडी तपासतो आणि मनाशी हिशेब मांडतो. खाली गेलो की नोकरी गेली. खिशात दमडी नाही. ज्या मित्राने शब्द टाकला त्याला तोंड कसं दाखवायचं? लोकांच्या दारातला बर्फ उपसून पोट भरायचं का? शेवटी इंजिनाचा एक भाग काढून तो दूर बर्फात भिरकावतो. घर चालवणाऱ्या कुणालाही यातलं एकेक वाक्य पटतं, म्हणून त्या पानावर पोटात गोळा येतो. सिनेमात गाडी बिघडवल्याचं आपल्याला नंतर कळतं, हा हिशेब ऐकायला मिळत नाही.

तू म्हणशील, इथे एका खोलीत पाच माणसं झोपतात, आपल्याला त्या रिकाम्या हॉटेलची भीती कशी कळणार? मला वाटतं आपल्यालाच जास्त कळते. चाळीत कुणी पोरावर हात उगारला की गॅलरीतून कुणीतरी ओरडतं, ‘अहो, काय चाललंय?’ शेजारीण सरळ आत येते आणि पोराला उचलून नेते. तो राग तेवढ्यावर निभावतो. ओव्हरलुक हॉटेलात दार ठोठावणारं कुणी नाही. 2020 च्या टाळेबंदीत आपण दारं लावून बसलो तेव्हा किती घरांत ही शेजारीण यायची थांबली, ते आठवून बघ.

आता तुझ्या मित्राचं. तो बरोबर सांगतोय. किंगला सिनेमा आवडला नाही आणि ते त्याने लपवलं नाही. बाहेरून देखणी पण आत इंजिन नसलेली मोटार, असं तो त्याबद्दल म्हणत आला. त्याची मुख्य तक्रार हीच की निकल्सनचा जॅक पहिल्यापासून बिघडलेला दिसतो, मग तो बिघडण्यात शोकांतिका उरते कुठे? त्याचा राग समजण्यासारखा आहे. 1974 साली कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क गावी स्टॅन्ली हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या आदल्या रात्री तो आणि त्याची बायको तिथे उतरले होते. जवळजवळ सगळं हॉटेल रिकामं, खोली 217. रात्री त्याला स्वप्न पडलं की आपला लहान मुलगा त्या कॉरिडॉरमधून ओरडत पळतोय आणि आग विझवायचा पाइप त्याच्या मागे लागलाय. घामाघूम होऊन उठला, सिगारेट पेटवली, आणि कादंबरीचा सांगाडा तयार झाला. तो पाइप पुस्तकात आहे, सिनेमात नाही. तेव्हा किंग स्वतः खूप पीत होता. नकळत आपण आपल्यावरच लिहीत होतो हे पुढे त्याला उमगलं आणि त्याने ते लिहूनही ठेवलं. असा माणूस जॅकला साधा खलनायक कसा होऊ देईल?

तरी सिनेमा टाकाऊ आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. डॅनी तीनचाकी सायकल चालवत कॉरिडॉरमधून जातो, चाकं लाकडी जमिनीवर घरघरतात, गालिच्यावर गप्प होतात, पुन्हा घरघरतात. कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे. ही भीती कुठल्याही लेखकाला कागदावर उतरवता येणार नाही. कुब्रिकने हॉटेल दाखवलं, किंगने माणूस. दोन्ही जवळ ठेव.

इंग्रजीची काळजी करू नकोस. किंग बोलल्यासारखं लिहितो, शब्दकोश फारसा लागणार नाही. एकच सवय करून घ्यावी लागेल. वाक्य चालू असताना तो मध्येच तोडतो, खाली कंसात एखादा तुटका विचार टाकतो, आणि मग वाक्य पुढे चालू. सुरुवातीला छपाईची चूक वाटेल. ती माणसाच्या डोक्यात नको असताना घुसणारी आठवण आहे. पुढे पुढे हे कंस वाढत जातात, आणि आतला आवाज जॅकचा की हॉटेलचा, हे कळेनासं होतं. म्हणून लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचू नकोस, रविवारी निवांत वाच. निकल्सनचा चेहरा पुसायच्या खटपटीतही पडू नकोस. गांधीलमाश्यांपर्यंत पोचशील तोवर तो आपोआप निघून गेलेला असेल.

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते. माझ्या मिस्टरांनी दारू सोडून बराच काळ झाला. ते नेमाने एए च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मिटिंगला जातात, घर आता सावरलंय. मुलाने घरी ‘द शायनिंग’ लावला तेव्हा ते पूर्ण वेळ बसून पाहत होते, एक शब्द बोलले नाहीत. आता म्हणतात, मला हे पुस्तक आणून दे. मला भीती वाटते. देऊ का?

उत्तर : तुमची भीती मला समजते, आणि ती बिनबुडाची नाही. पुस्तकात सिनेमाच्या कितीतरी पट दारू आहे. जॅकने ती सोडलेली आहे, पण तलफ गेलेली नाही. रुमालाने सारखे ओठ पुसतो, डोकेदुखीच्या गोळ्या पाण्याशिवाय चावून खातो. हॉटेलच्या बंद बारमध्ये एक बाटलीही नसते, तरी तो काउंटरवर बसून मार्टिनीचे ग्लास रांगेने मागवतो, आणि किंग ते असं लिहितो की वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. हे आधीच मिस्टरांच्या कानावर घाला.

पण पुस्तक लपवू मात्र नका. कारण त्यात दुसरंही आहे. डॅनी लहान असताना त्याने बापाच्या लिखाणावर बियर सांडली, म्हणून जॅकने त्याला ओढलं आणि हात मोडला. हाड मोडल्याचा तो आवाज जॅकच्या कानातून जात नाही. पुढे एका रात्री मित्राबरोबर पिऊन गाडीतून जाताना रस्त्यात आडवी पडलेली लहान मुलाची सायकल त्यांच्या गाडीखाली येते. दोघं खाली उतरून अंधारात मुलाला शोधत राहतात. मूल कुठेच नसतं. पण त्या रात्रीनंतर दोघांनी दारू सोडलेली असते. ही पानं तुमच्या मिस्टरांना जेवढी कळतील तेवढी मला कधीच कळणार नाहीत.

आमच्याकडे एक सभासद होते, बँकेतले, दारू सोडलेले. पुस्तक परत करायला आले तेव्हा काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘हा गडी एकट्याने सोडायला बघतो. एकदा मिटिंगला गेला असता तर!’ आणि खरंच, जॅक कुणाकडे मदत मागत नाही, दात-ओठ खात एकट्याने झुंजतो. माझ्या वाचनात या कादंबरीचं इतकं नेमकं परीक्षण आलेलं नाही.

तेव्हा असं करा. त्यांनी आधी आपल्या स्पॉन्सरशी, म्हणजे एए मधल्या त्यांना आधार देणाऱ्या जुन्या सभासदाशी, बोलावं. तो हो म्हणाला तर पुस्तक आणा आणि जमल्यास तुम्हीही वाचा, म्हणजे मध्येच थांबावंसं वाटलं तर त्यांना बोलायला कुणीतरी असेल. सोडल्याला अजून थोडेच दिवस झालेल्या माणसाला मी थांब म्हटलं असतं. तुमच्याकडे तसं दिसत नाही. आणि ही वाचून झाली की 2013 ची ‘डॉक्टर स्लीप’ नक्की मिळवा. त्यात डॅनी मोठा झालाय, बापासारखाच दारूत बुडालाय, आणि मग मिटिंगला जायला लागतो. बापाला जे जमलं नाही ते मुलगा करतो, आणि लिहिणारा लेखक तोवर स्वतः दारूतून बाहेर पडलेला आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी गिरगावात राहणारा निवृत्त गृहस्थ. तरुणपणी ‘सायको’ थिएटरात पाहिला, अजून न्हाणीघराचं दार नीट लागलंय का ते बघतो. त्याची मूळ कादंबरी आता वाचावी का? आणखी काही सुचवाल?

उत्तर : वाचा, पण अपेक्षा जरा बेताच्या ठेवा. रॉबर्ट ब्लॉकची कादंबरी 1959 ची, हिचकॉकचा सिनेमा लगेच 1960 चा, आणि या जोडीत माझा कौल सिनेमाला. पुस्तकातला मोटेलवाला नॉर्मन चाळिशीचा, लठ्ठ, चश्मा लावणारा आणि पिणारा आहे. त्याला बघून कुणीही दोन पावलं मागे सरेल. अँथनी पर्किन्सचा सडपातळ, लाजरा, सँडविच आणून देणारा पोरगा घेतला ही हिचकॉकची खरी करामत. न्हाणीघरातला खून पुस्तकात जेमतेम काही ओळींत उरकतो. सिनेमात तेवढ्यासाठी आठवडाभर चित्रीकरण चाललं होतं.

तरीही पहिलं प्रकरण जरूर वाचा. पुस्तक न्हाणीघरात खून होणाऱ्या त्या तरुणीपासून सुरू न होता नॉर्मनपासून सुरू होतं. बाहेर पाऊस, तो इंका लोकांवरचं पुस्तक वाचत बसलाय, आणि आई येऊन त्याला फैलावर घेते. तुम्हाला गुपित माहीत आहे, म्हणून त्या भांडणातलं एकेक वाक्य ब्लॉकने किती जपून लिहिलंय हे तुम्हाला दिसेल. नव्या वाचकाला ते दिसणार नाही. शेवट माहीत असण्याचा असा फायदा क्वचितच होतो.

सुचवायचंच तर त्याच 1959 सालची शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ सुचवते. आजारी आईची वर्षानुवर्षं सेवा करण्यात तारुण्य गेलेली एलेनॉर, आई गेल्यावर प्रथमच कुणीतरी बोलावलं म्हणून एका बदनाम घरात राहायला जाते. तिथे रात्री अंधारात ती शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून असते, आणि उजेड होतो तेव्हा मैत्रीण हाताच्या टप्प्यातही नसते. इतकं एकटेपण मी दुसऱ्या कुठल्या भयकथेत वाचलेलं नाही. आपल्याकडे आई-वडिलांच्या आजारपणात घरात राहून गेलेल्या कितीतरी मुली तुम्ही-आम्ही पाहिल्यात, त्या सगळ्या मला तिच्यात दिसल्या. रॉबर्ट वाइजने 1963 साली यावर ‘द हाँटिंग’ हा कृष्णधवल सिनेमा काढला, त्यात भूत एकदाही दाखवलेलं नाही. 1999 सालचा त्याच नावाचा रंगीत सिनेमा मात्र टाळा, त्यात सगळंच दाखवून टाकलंय. तुमच्या पत्रावरून वाटतं की वाइजचा सिनेमा तुम्ही पाहिलेला नाही. तसं असेल तर या खेपेला आधी पुस्तक.